भाकरीची बाजू मांडणारे संख्याशास्त्रज्ञ

पोळी-भात कमी करून प्रथिने वाढवावीत का, यावर आज पुण्यात घरोघरी वाद झडतात. हा वाद वजन घटवू पाहणाऱ्यांचा आहे. अर्धशतकापूर्वी मात्र हाच प्रश्न उपाशी माणसाच्या संदर्भात जगभर विचारला जात होता. त्याला आकडेवारीनिशी उत्तर देणाऱ्यांत अग्रणी होते डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध येथे झाला. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ मध्ये पदवी घेऊन ते लंडनला गेले आणि १९३६ मध्ये पीएच.डी. झाले. मायदेशी परतल्यावर शेतीच्या उत्पादनाचा अंदाज नमुना पाहणीने घेण्याची शास्त्रशुद्ध पद्धत त्यांनी दिल्लीत रुजवली. १९५१ मध्ये ते रोमच्या जागतिक अन्न व कृषी संघटनेत गेले आणि जवळपास दोन दशके तेथील संख्याशास्त्र विभागाची धुरा त्यांनी वाहिली.

गरीब देशांचे खरे दुखणे प्रथिनांची तूट हे आहे, असे त्या काळी तज्ज्ञ मानत. दूधभुकटी आणि प्रथिनयुक्त पिठे हा त्यावरील उपाय समजला जाई. सुखात्मे यांचे गणित वेगळे निघाले. भाकरी-डाळ पोटभर मिळाली, तर प्रथिनेही बहुधा पुरेशी मिळतात. पोट अर्धे राहिले, तर शरीर प्रथिनेच इंधन म्हणून जाळते. म्हणून तूट आधी उष्मांकांची भरली पाहिजे, हे त्यांचे प्रतिपादन पुढे शास्त्रजगताने बव्हंशी स्वीकारले.

१९७१ मध्ये पद्मभूषणने गौरविलेले सुखात्मे निवृत्तीनंतर पुण्यात महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीत संशोधन करू लागले. एकाच निरोगी माणसाची उष्मांकांची गरज काळानुसार कमीजास्त होते. म्हणून सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित ठरत नाही, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. त्याला तीव्र विरोध झाला तो पुण्यातूनच. प्रा. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचे मोजमाप २,२५० उष्मांकांच्या आधारे केले होते. ही रेषा खाली आणली, तर कोट्यवधी उपाशी माणसे कागदावरून पुसली जाणार होती. कमी अन्नाशी शरीर जुळवून घेते, पण त्याची किंमत मुलांची खुंटलेली वाढ आणि मोठ्यांची घटलेली श्रमशक्ती यांतून चुकवते, असा आहारतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांचा आक्षेप होता.

सुखात्मे यांचा भर मात्र शुद्ध पाणी आणि स्वच्छता यांवर राहिला. कारण वारंवार आजारी पडणाऱ्या आतड्यांना खाल्लेले अन्न लागू पडत नाही.

२८ जानेवारी १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा दुसरा सिद्धान्त वादग्रस्तच राहिला. पहिला सिद्धान्त अर्धपोटी माणसासाठी होता. बैठे काम करून पोटभर जेवणाऱ्याने त्यात पोळी वाढवण्याची सबब शोधू नये. मात्र शाळेतल्या मुलाच्या ताटात खिचडी पुरेशी पडते की नाही, हे पाहताना त्याचा विसर पडता कामा नये.