खाजणातील वनस्पतींचे अभ्यासक : फादर एथेलबर्ट ब्लाटर

छत्रपती संभाजीनगर समुद्रापासून दूर, दख्खनच्या पठारावर वसले आहे. भरती-ओहोटी, खाजण, खारफुटी हे शब्द येथील अनेकांना पुस्तकातच भेटतात. तरीही खाजणातील चिखल तुडवीत वनस्पतींची ओळख पटविणाऱ्या एका धर्मगुरूंचे जीवनकार्य आम्ही वाचकांसमोर ठेवीत आहोत. श्रद्धा आणि विज्ञान एकाच जीवनात कसे सुखाने नांदू शकतात, याचा तो उत्तम आदर्श आहे.

एथेलबर्ट ब्लाटर यांचा जन्म १८७७ साली स्वित्झर्लंडमध्ये झाला. येशूसंघात प्रवेश केल्यानंतर १९०३ साली ते मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आले. अवघ्या दोन वर्षांत, १९०५ साली, मुंबई इलाख्यातील खारफुटीविषयीचा त्यांचा अभ्यासपूर्ण लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

खाजणातील वनस्पती ओळखणे किती कठीण असते, हे एका उदाहरणावरून ध्यानी येईल. भरतीचे पाणी जेथे पोहोचते तेथे पेरेपेरे असलेली, मांसल, जणू पानेच नसलेली झुडपे वाढतात. त्यांतील एक वर्षभरात बी धरून मरते. दुसरे बहुवर्षायू असून त्याचे बूड काष्ठमय होते. कोवळेपणी मात्र दोन्ही सारखीच दिसतात. फुले इतकी बारीक, की ती कणसात रुतलेली असतात. म्हणून बी कापून, त्यात गर्भासाठी अन्नसाठा आहे की नाही, हे भिंगाखाली पाहावे लागते. बहुवर्षायू वनस्पतीत तो साठा असतो, वर्षायूत नसतो. विल्डेनो यांनी या बहुवर्षायू वनस्पतीला सॅलिकॉर्नियात घातले. पुढे ती आर्थ्रोक्नेमम झाली, १९८० साली हॅलोसार्शिया आणि २००७ साली टेक्टिकॉर्निया. नावे बदलली तरी वाळवून जपलेला नमुना साक्षीला राहतो. म्हणूनच ब्लाटर यांनी नमुने गोळा करून जपण्यावर भर दिला.

पहिल्या महायुद्धात मुंबई मिशनमधील जर्मन येशूसंघीयांना देश सोडावा लागला. फादर ब्लाटर स्विस असल्याने त्यांचे कार्य चालू राहिले. १९१९ ते १९२४ या काळात ते महाविद्यालयाचे प्राचार्य होते. नेचे, ताड-माड, वाळवंटी वनस्पती आणि काश्मीरची फुले, असा त्यांचा अभ्यासविस्तार होता. पुढे पाचगणी येथे धर्मग्रामाची सेवा करतानाही लेखन थांबले नाही. १९३२ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीचे ब्रूल स्मृतिपदक सर्वप्रथम त्यांनाच मिळाले. २६ मे १९३४ रोजी ते प्रभुवासी झाले. चार्ल्स मॅकॅन यांच्यासह लिहिलेला मुंबई इलाख्यातील गवतांवरील ग्रंथ पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला.

सेंट झेवियर्समधील ब्लाटर वनस्पतिसंग्रहालय आजही अभ्यासकांना उपयोगी पडते. त्याची धुरा पुढे फादर सांतापाव यांनी समर्थपणे वाहिली. दरम्यान मुंबई परिसरातील कितीतरी खाजणांवर भराव पडला. तेथे पूर्वी काय उगवत होते, हे सांगायला त्या वाळलेल्या नमुन्यांखेरीज फारसे कोणी उरलेले नाही. ज्याला नाव नाही, त्याच्या नष्ट होण्याची नोंदही होत नाही. आमच्या शाळांतील मुलांनी निदान आपल्या अंगणातील, बांधावरील, ओढ्याकाठच्या दहा रोपांची नावे जाणून घ्यावीत, असे आम्ही सुचवितो. निर्मितीवरील प्रेमाचा आरंभ तिच्या ओळखीतूनच होतो.