डेट्रॉईटच्या तहाचा शिल्पकार

अमेरिकी मोटार उद्योगाचा इतिहास लिहिताना मालकांच्या बाजूने हेन्री फोर्ड, आल्फ्रेड स्लोन अशी अनेक नावे पुढे येतात. कामगारांच्या बाजूने त्या तोलाचे नाव एकच, वॉल्टर रूथर. १ जून २००९ रोजी जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा रूथर यांच्या मृत्यूला ३९ वर्षे उलटली होती. तरीही कंपनीच्या पाठीवरील एक मोठे ओझे, म्हणजे निवृत्त कामगारांच्या औषधोपचाराचा खर्च, त्यांच्याच काळातील करारांतून आले होते. हे ओझे कंपनीने वाहावे, अशी मात्र रूथर यांची मूळ इच्छा नव्हती.

वेस्ट व्हर्जिनियातील व्हीलिंग या पोलादाच्या गावी १ सप्टेंबर १९०७ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील व्हॅलेंटाईन हे जर्मनीतून आलेले, समाजवादी विचारांचे कामगार कार्यकर्ते. दर रविवारी ते मुलांना सामाजिक प्रश्नांवर वादविवाद करायला लावीत. वॉल्टर शाळा अर्धवट सोडून साचे घडविण्याचे काम शिकले आणि १९२७ मध्ये डेट्रॉईटला गेले. फोर्डच्या कारखान्यात ते कुशल कारागीर म्हणून गणले जात. नोकरी सांभाळून त्यांनी राहिलेले शिक्षण पुरे केले. मंदीच्या काळात १९३२ मध्ये ती नोकरी गेली. तेव्हा धाकटे बंधू व्हिक्टर यांच्यासह ते युरोपात सायकलवरून हिंडले. पुढे फोर्डच्या तांत्रिक साहाय्याने उभारलेल्या सोव्हिएत रशियातील गोर्की येथील कारखान्यात दोघांनी सुमारे दीड वर्ष काम केले. या रशियावारीचे भांडवल विरोधकांनी पुढे आयुष्यभर केले. प्रत्यक्षात युनियनमधील कम्युनिस्टांचा पराभव करूनच रूथर सत्तेवर आले, हे त्यांच्या सोयीचे नव्हते.

परतल्यावर त्यांनी युनायटेड ऑटो वर्कर्स या नवजात युनियनला वाहून घेतले. २६ मे १९३७ रोजी फोर्डच्या रिव्हर रूज कारखान्याबाहेरील पादचारी पुलावर पत्रके वाटण्यासाठी ते सहकाऱ्यांसह गेले असता कंपनीच्या गुंडांनी त्यांना बेदम मारहाण केली. छायाचित्रकारांचे कॅमेरे हिसकावण्याचा प्रयत्न झाला, तरी काही छायाचित्रे वाचलीच. रक्ताळलेल्या रूथर यांचे चित्र देशभर पोहोचले. फोर्डला युनियन मान्य करायला १९४१ साल उजाडावे लागले.

दुसरे महायुद्ध संपताच, नोव्हेंबर १९४५ मध्ये, रूथर यांनी जनरल मोटर्समध्ये संप पुकारला. तो ११३ दिवस चालला. वेतनात ३० टक्के वाढ द्या, पण मोटारींच्या किमती वाढवू नका; ते जमणार नसेल तर हिशेबाच्या वह्या दाखवा, ही मागणी अमेरिकी कामगार चळवळीत अभूतपूर्व होती. किमती ठरविणे हा मालकांचा अधिकार असून त्यात कामगारांनी डोकावू नये, असा कंपनीचा पवित्रा होता. तो तिने अखेरपर्यंत सोडला नाही. संप तासाला साडेअठरा सेंटच्या वाढीवर मिटला. त्याच महिन्यात, मार्च १९४६ मध्ये, रूथर युनियनचे अध्यक्ष झाले. एप्रिल १९४८ मध्ये घराच्या स्वयंपाकघरात असताना खिडकीतून त्यांच्यावर गोळीबार झाला. उजवा हात कायमचा अधू झाला. पुढच्याच वर्षी व्हिक्टर यांच्यावर तसाच हल्ला होऊन त्यांचा एक डोळा गेला. या हल्ल्यांबद्दल कुणालाही शिक्षा झाली नाही.

जनरल मोटर्सचे अध्यक्ष चार्ल्स विल्सन यांच्याशी त्यांनी मे १९५० मध्ये केलेला पाच वर्षांचा करार ‘डेट्रॉईटचा तह’ म्हणून ओळखला जातो. वेतन महागाईशी आणि उत्पादकतेशी जोडणे, निवृत्तिवेतन, रुग्णालय विम्याचा निम्मा खर्च हे कामगारांच्या पदरात पडले. कंपनीला मिळाली पाच वर्षांची औद्योगिक शांतता. शिवाय किमती आणि उत्पादनाचे निर्णय तिच्याच हाती राहिले. पाच वर्षांपूर्वी हिशेबाच्या वह्या मागणारा नेता इथे मागे हटला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण या माघारीमागे एक हिशेब होता. आरोग्यविमा साऱ्या नागरिकांना सरकारनेच द्यावा, असे रूथर यांचे मत होते. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांची तशी योजना डॉक्टरांच्या संघटनेच्या विरोधामुळे बारगळली होती. कंपन्यांच्या खिशाला चाट बसू लागली की त्याच वॉशिंग्टनचे दार ठोठावतील, ही रूथर यांची अटकळ होती. ती चुकली. देशातील जवळपास निम्मी मोटार बाजारपेठ ताब्यात असलेल्या जनरल मोटर्सला हा खर्च गाडीच्या किमतीत मिळविणे सहज शक्य होते. जपानी गाड्यांची स्पर्धा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. निवृत्त कामगार मूठभर, काम करणारे लाखो. साठच्या दशकात तर विम्याचा संपूर्ण भार कंपन्यांनी उचलला आणि तो निवृत्तांपर्यंत नेला. आजची वेतनवाढ देण्यापेक्षा उद्याचे आश्वासन देणे व्यवस्थापनाला स्वस्त वाटले. दूरदृष्टीचा हा अभाव फक्त युनियनच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल.

डिसेंबर १९६३ मध्ये स्टुडबेकर कंपनीने साऊथ बेंड येथील कारखाना बंद केला, तेव्हा हजारो कामगारांचे निवृत्तिवेतन बुडाले. कंपनीच्या आश्वासनाचे आयुष्य कंपनीइतकेच असते, हे त्यातून दिसले. त्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या वॉशिंग्टन मोर्चाच्या व्यासपीठावर रूथर वक्ते होते. त्यापूर्वी १९५६ मध्ये भारतात येऊन ते पंडित नेहरूंनाही भेटले होते. १९६८ मध्ये त्यांनी राष्ट्रीय आरोग्यविम्यासाठी स्वतंत्र समिती उभी केली. मात्र ९ मे १९७० रोजी मिशिगनमधील पेल्स्टनजवळ त्यांचे छोटे विमान कोसळले. पत्नी मे यांच्यासह विमानातील सहाही जण ठार झाले. त्याच वर्षी सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी मांडलेले आरोग्यविमा विधेयक संमत झाले नाही.

पुढे गणित उलटले. २००५ च्या सुमारास जनरल मोटर्सच्या अमेरिकेतील प्रत्येक कामगारामागे सुमारे तीन निवृत्त होते. कंपनी सुमारे ११ लाख लोकांच्या आरोग्याचा खर्च करीत होती. वर्षाला पाच अब्ज डॉलरहून अधिक, म्हणजे प्रत्येक गाडीमागे सुमारे दीड हजार डॉलर! तेव्हाचे प्रमुख रिक वॅगनर या आकड्यांचा वारंवार दाखला देत. परंतु मोठ्या, इंधनखाऊ गाड्यांवर विसंबून राहण्याचा निर्णय काही रूथर यांनी घेतला नव्हता. मार्च २००९ मध्ये ओबामा सरकारच्या सांगण्यावरून वॅगनर यांना पद सोडावे लागले.

निवृत्तांच्या औषधोपचाराचा भार स्वतंत्र न्यासाकडे सोपविण्याचे युनियनने २००७ मध्येच मान्य केले होते. कंपनीकडे त्यासाठी पुरेशी रोकड उरली नसल्याने २००९ च्या पुनर्रचनेत या न्यासाला नव्या जनरल मोटर्सचे साडेसतरा टक्के भाग देण्यात आले.