फर्डिनांड पोर्शे

फर्डिनांड पोर्शे (जन्म : माफर्सडॉर्फ, बोहेमिया, ३ सप्टेंबर १८७५, मृत्यू : श्टुटगार्ट, ३० जानेवारी १९५१) हे मोटारगाड्यांचे विख्यात ऑस्ट्रियन-जर्मन अभियंते होते. फोक्सवागनची ‘बीटल’ ही त्यांची सर्वाधिक परिचित निर्मिती. मात्र इंजिनाची शक्ती दोन चाकांत कशी वाटावी, हा प्रश्न त्यांच्यापुढे वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा आला. शर्यतीच्या गाडीसाठी त्यांनी करवून घेतलेले ‘लिमिटेड स्लिप डिफरन्शियल’ हे त्याचे महत्त्वाचे उत्तर होय.

पूर्वजीवन

पोर्शे यांचे वडील पत्र्याचे काम करीत. मुलाचा ओढा मात्र विजेकडे होता. अभियांत्रिकीची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. नावामागची ‘डॉक्टर’ ही उपाधी व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठाने १९१७ मध्ये दिलेली सन्माननीय उपाधी आहे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांची लोनर-पोर्शे ही विजेची गाडी मांडली गेली. तिच्या पुढच्या चाकांच्या तुंब्यांतच मोटारी बसवल्या होत्या. प्रत्येक चाक आपापल्या गतीने फिरत असल्याने डिफरन्शियलची गरजच उरली नाही. तोडगा सुरेख होता, पण बॅटरीचे ओझे जबर होते. पुढे ऑस्ट्रो-डाइमलर, डाइमलर आदी कंपन्यांत काम करून १९३१ मध्ये त्यांनी श्टुटगार्ट येथे स्वतःचे अभिकल्प कार्यालय सुरू केले.

डिफरन्शियलची अडचण

वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापते. बैलगाडीला याचे काही वाटत नाही. ओढण्याचे काम बैल करतात आणि चाके आसावर स्वतंत्र फिरतात. मोटारीत चाकांनाच गाडी ढकलायची असते, म्हणून दोन्ही चाकांना वेगळ्या गतीने फिरू देणारे डिफरन्शियल लागते. ते दोन्ही बाजूंना सारखाच जोर देते आणि नेमका तेथेच घोटाळा होतो. एका चाकाची पकड सुटली की ते अगदी थोड्या जोराने फिरू लागते आणि दुसऱ्यालाही तेवढाच जोर मिळतो. पावसाळ्यात खापा-सावनेरकडच्या काळ्या मातीत रुतलेल्या ट्रॅक्टरचे एक चाक गरगरते व दुसरे स्तब्ध राहते, ते यामुळेच. ट्रॅक्टरवाला ‘डिफरन्शियल लॉक’ लावून दोन्ही चाके एकत्र जखडतो. भरधाव गाडीला हा उपाय चालत नाही, कारण चाके जखडली की गाडी वळणात शिरायला कुरकुरते.

ऑटो युनियन

पोर्शे यांनी ऑटो युनियन कंपनीसाठी आखलेली शर्यतीची गाडी १९३४ मध्ये धावू लागली. तिचे १६ सिलिंडरचे इंजिन चालकाच्या पाठीमागे होते. त्या इंजिनाच्या जोरामुळे ताशी १६० किलोमीटरच्या वेगापर्यंतही मागचे एक चाक नुसतेच फिरत राही. १९३५ मध्ये पोर्शे यांनी झेडएफ या दंतचक्रे बनवणाऱ्या कंपनीकडून यावर उपाय करवून घेतला. त्यात प्रत्येक चाकासाठी एक उंचसखल कडी असते आणि दोन कड्यांच्या मध्ये सरकते ठोकळे असतात. इंजिन हे ठोकळे फिरवते. दोन चाकांच्या गतीत फरक पडला की ठोकळ्यांना चढउतारांवरून घासत सरकावे लागते. या घर्षणामुळे सुटलेले चाक आवरले जाते आणि पकड असलेल्या, सावकाश फिरणाऱ्या चाकाला अधिक जोर मिळतो. साधे वळण घेण्याइतका फरक मात्र यंत्रणा पडू देते. १९३६ मध्ये याच मालिकेतील ६ लिटरच्या, ५२० अश्वशक्तीच्या गाडीवर बेर्न्ड रोझमायर युरोपचा विजेता ठरला.

युद्धकाळ

ही यंत्रणा शर्यतीपुरती राहिली नाही. बीटलवरून बेतलेल्या क्युबेलवागन या लष्करी गाडीत झेडएफचे असेच डिफरन्शियल होते. फक्त मागच्या चाकांवर चालणारी ही हलकी गाडी चिखलवाळूतून निभावून जाई, त्याचे एक कारण हेच. अशा सुमारे ५० हजार गाड्या बनल्या. पोर्शे १९३७ मध्ये नाझी पक्षाचे सदस्य झाले होते. त्यांच्या व्यवस्थापनाखालील फोक्सवागन कारखान्यात युद्धकाळी हजारो वेठबिगार कामगार राबवले गेले; त्यांच्या कर्तृत्वाचा कोणताही आढावा ही गोष्ट वगळून पुरा होत नाही. डिसेंबर १९४५ मध्ये फ्रेंचांनी त्यांना अटक केली. खटला न चालता ऑगस्ट १९४७ मध्ये ते जामिनावर सुटले. पोर्शे नावाची पहिली गाडी, ३५६, पुत्र फेरी यांच्या देखरेखीखाली १९४८ मध्ये तयार झाली.

नंतरचा प्रवास

सरकत्या ठोकळ्यांच्या रचनेत झीज फार होत असल्याने पुढे चकत्यांच्या क्लचची रचना अधिक रूढ झाली. चकत्याही झिजतातच. जुन्या वेगवान गाड्यांचे जाणकार मागची दोन्ही चाके उचलून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एक चाक हाताने फिरवतात : दुसरे चाक त्याच दिशेने फिरले तर यंत्रणेत जोर शिल्लक आहे, उलट दिशेने फिरले तर डिफरन्शियल साधे आहे किंवा पुरते झिजले आहे.