वॉलेस आणि वाइगिओचे ऋणको

१८५७ साली अरू बेटांवरील वनुम्बाई गावच्या लोकांनी आल्फ्रेड रसेल वॉलेस या इंग्रज निसर्गसंशोधकाला एक अवघड प्रश्न विचारला. ज्या देशात कापड, काच आणि सुऱ्या तयार होतात, तेथील माणसांना मेलेली पाखरे व किडे कशासाठी हवेत? पेंढा भरून ती लोकांना पाहण्यासाठी मांडून ठेवतात, हे उत्तर कोणालाच पटले नाही. समुद्रापार गेल्यावर ती पुन्हा जिवंत होत असणार, असा तर्क त्यांनी केला. इंग्लंड हे देशाचे नाव असू शकते, हेही एका वृद्धाला मान्य होईना. हा पाहुणा आपली थट्टा करीत आहे, असेच त्याचे मत पडले. यात हसण्यासारखे फारसे काही नाही. आपल्या मालाला मागणी कोठून येते हे ठाऊक नसलेल्या कोणत्याही उत्पादकाने विचारावा, असाच तो प्रश्न होता.

कारण वॉलेस हा संशोधक होता तसाच व्यापारीही होता. १८२३ साली जन्मलेल्या या मुलाची शाळा चौदाव्या वर्षीच सुटली. पुढे जमीनमोजणी आणि थोडी शिक्षकी त्याने केली. डार्विनप्रमाणे वडिलोपार्जित संपत्तीचा आधार त्याला नव्हता. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील चार वर्षांचा संग्रह १८५२ साली जहाजाबरोबर जळून गेला. लंडनमधील दलाल सॅम्युएल स्टीव्हन्स याने विमा उतरविला होता, म्हणून २०० पौंड तरी हाती आले. तरीही १८५४ मध्ये तो मलाय द्वीपसमूहाकडे निघाला. आठ वर्षांत १,२५,६६० नमुने जमले. त्यांतील जादा नमुने स्टीव्हन्स विकी आणि त्यावर पुढचा प्रवास चाले. या श्रमांत सारावाकच्या अली या तरुणाचा वाटा मोठा होता. १८५८ साली बचान बेटावर एक अपूर्व पक्षी टिपला तो अलीने. नाव मात्र लागले वॉलेसचे.

सेलेबीसमध्ये त्याला पाहताच कुत्री भुंकत, बायका-मुले पळत आणि म्हशी उधळत. समोरून म्हशी येताना दिसल्या की हा विद्वान रानात शिरून लपून बसे. लोकांना आपली धास्ती वाटावी, याचे त्याला मनापासून दुःख होई. निसर्गनिवडीचा सिद्धान्त त्याने तर्नातेहून डार्विनला कळविला तो १८५८ सालीच. ती हकीकत सर्वश्रुत आहे.

त्याहून कमी सांगितली जाते ती १८६० सालची वाइगिओ येथील गोष्ट. लाल स्वर्गपक्ष्यांसाठी त्याने बेसिरच्या लोकांना कुऱ्हाडी, सुऱ्या, मणी असा माल आगाऊ दिला. ना कागद, ना जामीन, ना कोर्ट. तो एकदा निघून गेला की वसुली अशक्यच होती. एकाला पक्षी मिळेना, तेव्हा त्याने उचल म्हणून घेतलेली कुऱ्हाड परत आणून दिली. दुसऱ्याने सहा पक्ष्यांचे मोल घेतले होते. पाचवा पोचता करून तो पुन्हा रानात गेला, तो परतेचना. सामान भरून होडी सुटण्याच्या बेतात असताना तो सहावा पक्षी उंच धरून धावत आला आणि आता आपण देणेकरी नाही, असे समाधानाने सांगून मोकळा झाला. रानटी माणसांतील या सचोटीचे वॉलेसला आश्चर्य वाटले. ते वाटावे, हेच खरे म्हणजे आश्चर्य.

सुधारलेल्या समाजाने त्याला निराळा अनुभव दिला. पृथ्वी सपाट नाही हे सिद्ध करण्याची ५०० पौंडांची पैज १८७० साली जॉन हॅम्डन याच्याशी लागली. कालव्यावरील प्रयोगात वॉलेस जिंकला. परंतु पैजेचे पैसे कायद्याने वसूल होत नाहीत, या आधारावर हॅम्डनने आपली रक्कम परत मिळविली. वर्षानुवर्षे त्याने बदनामीची पत्रे धाडली, त्यापायी तुरुंगवासही भोगला. वॉलेसला मात्र दाव्यांच्या खर्चाने पोळले.

डार्विनच्या खटपटीने १८८१ मध्ये त्याला सालिना २०० पौंडांचे सरकारी निवृत्तिवेतन मिळाले. त्याच वर्षी जमिनीच्या राष्ट्रीयीकरणासाठी स्थापन झालेल्या संस्थेचे पहिले अध्यक्षपदही त्याने स्वीकारले. १९१३ च्या नोव्हेंबरात, नव्वदी पूर्ण करून, तो निवर्तला.