आधी घंटी, मग थर्मोस्टॅट: वॉरेन जॉन्सन यांची गोष्ट

पाणी तापलं की गीझरचा दिवा आपोआप विझतो. हे काम थर्मोस्टॅटचं. त्याचा इतिहास शोधताना मला एक मास्तर भेटले.

वॉरेन जॉन्सन यांचा जन्म १८४७ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये झाला. पुढे ते विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर इथे, शिक्षक घडवणाऱ्या संस्थेत विज्ञान शिकवू लागले. तिथली थंडी कडाक्याची. ऊब तयार व्हायची तळघरात, मुलं बसायची वर. त्यामुळे शिपाई चालू तासात वर्गात येऊन तापमान बघायचा आणि खाली जाऊन झडपा कमी-जास्त करायचा. तोवर मुलं एकतर कुडकुडायची नाहीतर घामाघूम व्हायची.

जॉन्सन यांनी दोन धातूंची गुंडाळलेली पट्टी घेतली. दोन्ही धातू उष्णतेने सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून पट्टी वळते. ती वळली की पाऱ्याचा स्विच जोडला जायचा आणि तळघरात घंटी वाजायची. १८८३ मध्ये त्यांना याचं पेटंट मिळालं. मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे मला हे चक्क नोटिफिकेशन वाटतं! झडप मात्र अजून माणूसच फिरवत होता.

१८८५ मध्ये त्यांनी मिलवॉकीत कंपनी काढली. १८९५ च्या पेटंटमध्ये माणूसही मधून गेला: खोलीतला थर्मोस्टॅट दाबाच्या हवेने वाफेची झडप स्वतःच उघडू-मिटू लागला. प्रत्येक खोलीचं तापमान वेगळं ठेवता येऊ लागलं.

आता आजच्या घरगुती बॉयलरकडे या. समजा २० अंशांवरच तो बंद आणि २० अंशांवरच चालू होणार असेल, तर तो सारखा चालू-बंद होत राहील. दर वेळी पेटताना थोडी उष्णता धुराड्यातून वाया जाते, भागही झिजतात. म्हणून मध्ये फट ठेवतात: उदाहरणार्थ, १९.५ ला चालू, २०.५ ला बंद. फट फार मोठी झाली तर खोली कधी गार, कधी गरम. व्हाइटवॉटरच्या वर्गासारखीच!

जॉन्सन यांनी मनोऱ्यांवरची घड्याळं आणि वाफेच्या मोटारीही बनवल्या. १९११ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांची कंपनी जॉन्सन कंट्रोल्स या नावाने आजही इमारतींचं तापमान सांभाळते.

तुमचा एसी थोडा वेळ थांबून पुन्हा सुरू होतो ना? तीच ती फट.