लाल गोळीमागच्या डॉ. ल्यूसी विल्स

कळवण तालुक्यातल्या पाड्यावर आशाताई गरोदर बाईच्या हातात लाल गोळ्यांची पट्टी ठेवतात. त्या गोळीत लोह असते, हे बहुतेकींना ठाऊक असते. त्यातच फॉलिक ॲसिडही असते आणि त्याच्या शोधाची सुरुवात मुंबईतल्या परळला झाली, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. त्या शोधाचे श्रेय डॉ. ल्यूसी विल्स यांचे.

ल्यूसी यांचा जन्म 1888 साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिजमध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्राचा अभ्यास केला. परीक्षा उत्तीर्ण होऊनही पदवी मिळाली नाही, कारण तेव्हा ते विद्यापीठ स्त्रियांना पदवी देत नसे. पुढे लंडनमधील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून 1920 साली त्या डॉक्टर झाल्या.

1928 मध्ये त्या मुंबईत हाफकिन संस्थेत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या आणि इतर गरीब घरांतल्या स्त्रियांना गरोदरपणात एक वेगळाच पंडुरोग होत असे. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. बाळंतपणाच्या सुमारास अनेकजणी दगावत. हा जंतुसंसर्ग असेल का, याचा शोध विल्स यांनी घेतला. तसा पुरावा मिळाला नाही. मग त्यांनी या बायकांच्या ताटाकडे लक्ष वळवले. त्यात भाजीपाला, फळे, दूध अगदीच कमी होते.

तसाच निकस आहार त्यांनी आधी उंदरांना दिला. पण उवांमधून पसरणाऱ्या एका संसर्गामुळेही उंदरांना पंडुरोग होत होता, त्यामुळे निष्कर्ष काढणे अवघड झाले. म्हणून त्या माकडांकडे वळल्या. या आहारावर ठेवलेल्या माकडांच्या रक्तात तशाच मोठ्या तांबड्या पेशी दिसू लागल्या. यीस्टचा स्वस्त अर्क, म्हणजे मार्माइट, दिल्यावर माकडे सुधारली. रुग्ण स्त्रियांनाही त्याचा गुण आला, हे त्यांनी 1931 साली प्रसिद्ध केले. यकृताच्या साध्या अर्काने हा आजार बरा होई, शुद्ध केलेल्या अर्काने मात्र होत नसे. म्हणजे नेहमीच्या घातक पंडुरोगावर चालणारा घटक वेगळा आणि हा वेगळा, हे त्यातून स्पष्ट झाले. त्या अनोळखी घटकाला ‘विल्स घटक’ असे नाव पडले.

1941 मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून फॉलिक ॲसिड वेगळे काढण्यात आले. पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून ते नाव आले. विल्स घटक तो हाच. नव्या पेशी तयार होताना डीएनए बनवण्यासाठी तो लागतो. गरोदरपणात आईचे रक्त वाढते, बाळ वाढते, म्हणून गरजही वाढते. तो कमी पडला तर तांबड्याच नव्हे, रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींवरही परिणाम होतो. गर्भधारणेच्या आधीपासून घेतलेले फॉलिक ॲसिड बाळाच्या मणक्यातले व्यंग टाळते, हे 1991 साली मोठ्या अभ्यासातून सिद्ध झाले. ते पाहायला विल्स नव्हत्या. 1964 साली त्यांचे निधन झाले होते.

आज सरकारी कार्यक्रमात गरोदर स्त्रीला 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची रोज एक गोळी 180 दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस देतात. मळमळते, शौचाला काळी होते, म्हणून अनेकजणी ती मध्येच सोडतात. काळी शौच लोहामुळे होते, त्यात भीतीचे कारण नाही. मळमळत असेल तर गोळी जेवणानंतर घ्यावी. चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. ताटात पालेभाजी, मूग, मटकी, हरभरा असावा आणि भाजी फार वेळ शिजवू नये. गोळी घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर बी-12 आणि सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. पंडुरोगाचे कारण शोधल्याशिवाय उपचार पुरा होत नाही, हे विल्स यांच्या कामाने दाखवून दिले आहे.