कॉलिन चॅपमन : सेकंड हँड गाड्या विकणारा कॉलेजचा पोरगा लोटसचा मालक कसा झाला?

रात्री मोबाईल स्क्रोल करताना कधी ना कधी तुमच्याही समोर ही गाडी आली असेल. लांब नाक, उघडी चाकं, छत नाही, दरवाजेही जवळपास नाहीत, दोनच सीट. खाली लिहिलेलं असतं 'सेकंड हँड, किट कार, अर्जंट सेल'. किंमत एखाद्या नव्या हॅचबॅकएवढी किंवा त्याहून कमी. मग डोक्यात विचार सुरू होतो की लायसन्स तर मिळालंय, थोडे पैसे साठलेत, घेऊन टाकायची का? वर्धा रोडवर ही गाडी निघाली तर अख्खं नागपूर वळून बघेल!

थांबा. घ्यायची की नाही ते शेवटी बघू. आधी ही गाडी ज्याच्या डोक्यातून निघाली, त्या माणसाची गोष्ट वाचा. त्याचं नाव कॉलिन चॅपमन. त्याची सुरुवातही सेकंड हँड गाडीपासूनच झाली होती, आणि तीही न विकल्या गेलेल्या गाडीपासून.

पेट्रोल बंद, गाडी पडून

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ रोजी इंग्लंडमधल्या रिचमंड इथे झाला. लहानपण उत्तर लंडनच्या हॉर्न्सी भागात गेलं. तिथे वडील रेल्वे हॉटेल नावाचा पब चालवायचे. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा तो युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये इंजिनिअरिंग शिकत होता. त्याचा विषय गाड्यांचा नव्हता, स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगचा होता. म्हणजे पूल, इमारती, सांगाडे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती फार कामाची आहे.

युद्धानंतर इंग्लंडमध्ये नव्या गाड्या मिळत नव्हत्या, त्यामुळे जुन्या गाड्यांना जबरदस्त मागणी होती. चॅपमनने मित्रासोबत धंदा सुरू केला. लंडनच्या वॉरेन स्ट्रीटवर जुन्या गाड्यांचा बाजार भरायचा. तिथून गाडी घ्यायची, थोडी ठीकठाक करायची आणि विकायची. लेक्चर बुडवून हे सगळं चालायचं. पैसाही चांगला सुटत होता.

१९४७ च्या शेवटी सरकारने खासगी गाड्यांचं पेट्रोलचं रेशनच बंद केलं. पेट्रोलच नाही तर गाडी घेणार कोण? भाव धाडकन कोसळले. हातातल्या गाड्या तोट्यात विकाव्या लागल्या. एक मात्र विकलीच जाईना. ती होती ऑस्टिन सेव्हन, त्या काळची छोटी, स्वस्त, सामान्य माणसाची गाडी. धंदा बुडाला आणि हाती उरली ही एक खटारा गाडी.

एक गॅरेज आणि भरपूर प्लायवूड

चॅपमनने ती गाडी उघडली. मैत्रीण हेझल विल्यम्सच्या आईवडिलांच्या घरामागे एक गॅरेज होतं, तिथे काम सुरू झालं. जुनी बॉडी काढून फेकली. तिच्या जागी अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा चिकटवलेल्या प्लायवूडची बॉडी बसवली. विमानांच्या बांधणीत पातळ पत्र्याला आडव्या भिंती देऊन ताकद कशी आणतात, हे त्याला माहीत होतं. विद्यापीठाच्या एअर स्क्वॉड्रनमध्ये तो विमान चालवायलाही शिकला होता. तोच विचार त्याने इथे वापरला.

१९४८ मध्ये तयार झालेली ही गाडी म्हणजे पहिली लोटस. चिखलातल्या चढावाच्या स्पर्धांमध्ये तो आणि हेझल ती घेऊन उतरायचे. लोटस हे नाव का ठेवलं, हे त्याने कधी नीट सांगितलं नाही.

मध्यंतरी तो गणितात अडकला आणि डिग्री लांबली. परत परीक्षा देऊन ती मिळवली, काही काळ हवाई दलात काढला, मग अॅल्युमिनियमच्या एका कंपनीत नोकरी धरली. रात्री आणि सुटीच्या दिवशी मात्र गाड्याच. १९५१ मध्ये त्याने ७५० सीसी गटासाठी एक गाडी बनवली. ऑस्टिनच्या इंजिनात चार सिलिंडरना हवा आत घ्यायला दोनच वाटा होत्या. त्याने त्या वाटेत पातळ पडदा घालून प्रत्येक सिलिंडरची हवा वेगळी केली. नियमात असं करू नये असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. गाडी इतकी पळाली की नंतर नियमच बदलावा लागला. नियमाच्या पुस्तकात काय लिहिलेलं नाही ते आधी शोधायचं, ही त्याची सवय इथूनच दिसते. पुढे तिने त्याला जिंकवलंही आणि अडचणीतही आणलं.

वजन कमी केलं की नेमकं काय होतं?

१९५२ मध्ये हेझलने उसने दिलेल्या २५ पौंडांवर लोटस इंजिनिअरिंग कंपनी सुरू झाली. वर्कशॉप कुठे? तर वडिलांच्या पबमागच्या जुन्या तबेल्यात. १९५४ मध्ये दोघांचं लग्न झालं.

कंपनीची पहिली विक्रीची गाडी होती मार्क सिक्स. तिच्यात स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगचं शिक्षण कामी आलं. जाड लोखंडी चासीऐवजी त्याने पातळ नळ्यांचे त्रिकोण जोडून सांगाडा बनवला. याला स्पेस फ्रेम म्हणतात. घरच्या लोखंडी रॅकचं उदाहरण घ्या. चौकोनी रॅक हलवला की डुलतो, पण मागे एक तिरकी पट्टी मारली की घट्ट होतो, कारण चौकोनाचे त्रिकोण झाले. त्रिकोणातल्या नळीवर मुख्यतः ताण किंवा दाब येतो, वाकवणारा जोर फार कमी येतो. म्हणून ती बारीक असली तरी चालते. इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं बाहा किंवा फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी जी गाडी वेल्ड करतात, तिचा सांगाडाही साधारण असाच असतो.

आता गणित. समजा इंजिन ४० हॉर्सपॉवरचं आहे. गाडी १००० किलोची असेल तर प्रत्येक हॉर्सपॉवरच्या वाट्याला २५ किलो येतात. तीच गाडी ५०० किलोची झाली तर फक्त साडेबारा. इंजिनाला हात न लावता पिकअप वाढला. मोठं इंजिन टाकलं तर गाडी सरळ रस्त्यावर जोरात पळते. पण वजन काढलं तर ती पिकअप जोरात घेते, ब्रेक लवकर लागतो, वळणावर टायरवर कमी भार येतो आणि पेट्रोलही वाचतं. फोनमध्ये रॅम वाढवण्याऐवजी नको ती अॅप उडवावीत, तसंच काहीसं.

घरी जोडायची गाडी

१९५७ मध्ये आली लोटस सेव्हन, म्हणजे मोबाईलवर दिसलेल्या त्या गाडीची आजी. वजन जेमतेम ५०० किलो, इंजिन फोर्डचं ११७२ सीसी, ताकद साधारण ४० हॉर्सपॉवर.

तयार गाडीची किंमत करासकट १०३६ पौंड होती. पण सुटे भाग विकत घेऊन घरी जोडली तर फक्त ५३६ पौंड! कारण इंग्लंडमध्ये पर्चेस टॅक्स तयार गाडीवर लागायचा, सुट्या भागांवर नाही. अट एवढीच की जोडणी पैसे देऊन कुणा व्यावसायिकाकडून करून घ्यायची नाही. गाडी जोडायची माहिती सोबत देता येत नाही म्हणून ती सुटी कशी करायची याची माहिती दिली जायची आणि लोक ती उलटी वाचायचे, असा किस्साही सांगितला जातो. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ही पळवाट बंद झाली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. तीच गाडी ते आजही बनवतात.

थोडक्यात, किट कार म्हणजे कमी पगाराच्या तरुणाला स्पोर्ट्स कार परवडावी म्हणून काढलेला मार्ग. पण प्रत्येक गाडी वेगळ्या माणसाने, वेगळ्या गॅरेजमध्ये जोडलेली. ही गोष्टही लक्षात ठेवा.

शर्यतीतली लोटस

१९५८ मध्ये लोटस फॉर्म्युला वनमध्ये उतरली. १९६२ च्या लोटस २५ मध्ये चॅपमनने स्वतःचीच स्पेस फ्रेम बाजूला ठेवली आणि पत्र्याच्या पेटीसारखी मोनोकॉक चासी आणली. म्हणजे बॉडी हाच सांगाडा. ती आणखी हलकी आणि आणखी मजबूत होती. जिम क्लार्क १९६३ आणि १९६५ मध्ये विश्वविजेता झाला. पुढे ग्रॅहम हिल, योखेन रिंट, एमर्सन फिटिपाल्डी आणि १९७८ मध्ये मारिओ आंद्रेत्ती. संघाच्या नावावर एकूण ७ कन्स्ट्रक्टर्स विजेतेपदं जमा झाली.

१९७० च्या दशकाच्या शेवटी त्याने गाडीच्या तळाला उलट्या पंखासारखा आकार दिला. विमानाचा पंख वर उचलतो, हा खाली दाबतो. गाडी रस्त्याला चिकटून वळण घेऊ लागली. याला ग्राउंड इफेक्ट म्हणतात.

हलकेपणाची किंमत

गोष्ट इथे संपवली असती तर छान वाटलं असतं. पण चॅपमन वजन कापताना कुठे थांबायचं, यावरून त्याचे ड्रायव्हर अस्वस्थ असायचे. १९६० मध्ये बेल्जियममधल्या स्पा इथे सरावात स्टर्लिंग मॉसच्या लोटसचं चाक निघालं. त्याच दिवशी माइक टेलरच्या लोटसचा स्टिअरिंग कॉलम तुटला. दोघेही गंभीर जखमी झाले. १९६९ मध्ये स्पेनमध्ये हिल आणि रिंट या दोघांच्याही गाड्यांचे उंच पंख एकाच शर्यतीत मोडले. त्यानंतर रिंटने चॅपमनला पत्र लिहून कळवलं की गाड्या वेगवान आहेतच, थोडं वजन वाढवून कमकुवत भाग मजबूत केले तरी चालेल. ५ सप्टेंबर १९७० रोजी मोंझा इथे सरावात रिंटच्या गाडीचा पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटला, गाडी नीट न बसवलेल्या कठड्यावर आदळली आणि रिंट गेला. त्या वर्षीचं विश्वविजेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं.

शेवटही सरळ नव्हता. डिलोरियन गाडीच्या इंजिनिअरिंगचं काम लोटसकडे होतं. त्या प्रकल्पातले लाखो पौंड गायब झाल्याची चौकशी चालू असतानाच १६ डिसेंबर १९८२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने चॅपमनचा मृत्यू झाला. वय फक्त ५४. पुढे १९९२ मध्ये लोटसच्या अर्थप्रमुखाला या प्रकरणात तुरुंगवास झाला. चॅपमन जिवंत असता तर त्याला किमान १० वर्षांची शिक्षा झाली असती, असं न्यायाधीशांनी तेव्हा नमूद केलं.

त्याचं काम मात्र राहिलं. टेस्लाची पहिली रोडस्टर लोटसच्या एलिस गाडीच्या पायावर उभी होती. बॅटरी जड असते, म्हणून बाकीची गाडी हलकी हवी होती.

आता नागपूरकडे येऊ

सेव्हनची नात आपल्याच महाराष्ट्रात जन्मली आहे. अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धर्तीवर रोडस्टर बनवली. तिच्यात हिंदुस्तान मोटर्सच्या गाड्यांतलं १.८ लिटर इसुझू इंजिन होतं. अशी एखादी जुनी गाडी समोर आली तर चॅपमनच्या गोष्टीतून काय काय बघायचं?

कागद आधी. आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचा. एमपरिवहन अॅपवर नंबर टाकून तपासा. कुणी गॅरेजमध्ये जोडलेली गाडी दुसऱ्याच गाडीच्या आरसीवर पळवत असेल तर हात जोडून निघा. इंग्लंडची पळवाट इथे चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलंय. नाव ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडीवर कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसीही लागेल. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी घ्या.

मग सांगाडा. लिफ्टवर चढवून खालून बघा. वेल्डजवळ तडा, वाकलेली नळी, गंज, नंतर ठोकलेलं पॅच यातलं काहीही दिसलं तर थांबा. त्रिकोणातली एक नळी गेली की बाकीच्यांवर भार येतो. फायबरच्या बॉडीला नवा रंग असेल तर खाली काय लपलंय ते विचारा.

मग इन्शुरन्स आणि पार्ट. थर्ड पार्टी विमा सक्तीचाच आहे, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा कुणी देतंय का, हे पैसे देण्याआधी विचारा. ब्रेकचे आणि सस्पेन्शनचे पार्ट कुठून येणार, तेही.

शेवटी स्वतःला विचारा. अशा गाडीत साधारणपणे एअरबॅग नसते, छत नसतं, आणि ट्रकवाल्याच्या आरशात तुम्ही दिसतही नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो. गतिरोधकावर पोट घासतं. रोज कॉलेजला जायला ही गाडी नाही. घरी दुसरी गाडी असेल, सोबत जाणकार मेकॅनिक असेल आणि रविवारी सकाळी रामटेकपर्यंत हळू चालवायची तयारी असेल, तरच विचार करा.

आणि चॅपमनसारखं काही करून बघायचं असेल तर त्याला गाडी विकत घ्यावी लागत नाही. तुमच्या कॉलेजची बाहा टीम वर्कशॉपमध्ये वेल्डिंगला माणसं शोधतच असते. तिथे नळी कुठे बारीक चालते आणि कुठे जाडच लागते, हे हाताने कळतं. चुकली तर कापून पुन्हा जोडता येते. रस्त्यावर तशी संधी मिळत नाही.